पाऊण मिनिटाची शर्यत, वर्षभराचा हिशेब

बीएमएक्स, म्हणजे बायसिकल मोटोक्रॉसची शर्यत पाऊण मिनिटाच्या आत संपते. टोकियो ऑलिंपिकची पुरुषांची अंतिम फेरी जिंकायला नेदरलँड्सच्या नीक किमनला 39 सेकंद लागले; पॅरिसमध्ये फ्रान्सच्या जोरिस दोदेने ती 32 सेकंदांच्या आत आटोपली. ट्रॅक मातीचा, साधारण 300 ते 400 मीटर लांब, उंचवट्यांनी भरलेला आणि वळणांवर चांगलाच कललेला असतो. सुरुवात उंच उतारावरून होते. ऑलिंपिक दर्जाच्या ट्रॅकवर हा उतार 8 मीटर उंच असतो, एरवी 5 मीटर. माथ्यावरच्या फाटकाला पुढची चाके टेकवून आठ जण उभे राहतात. ध्वनिमुद्रित सूचना संपल्यावर फाटक कधी पडेल हे यंत्र ठरवते. एका सेकंदाच्या दहाव्या भागापासून पावणेतीन सेकंदांपर्यंत कधीही. त्यामुळे अंदाजाने आधी सुटण्याची सोय नाही. सायकलला 20 इंची चाके, एकच गिअर आणि फक्त मागचा ब्रेक. ताशी 60 किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने आठही जण पहिल्या उडीकडे झेपावतात आणि पहिल्या वळणाशी बहुतेक निकाल ठरलेला असतो.

या पाऊण मिनिटावर चरितार्थ चालवणारे लोक जगात आहेत. पण त्यांची संख्या लहान आहे आणि बक्षिसाच्या रकमेवर त्यांतले फार थोडे जगतात. शर्यतीचे बक्षीस अंतिम फेरीतल्या आठ जणांत वाटले जाते. विमानप्रवास, मुक्काम, प्रवेश शुल्क, सुटे भाग आणि दुखापतीचे उपचार यांच्यापुढे ते तोकडे पडते. उरलेला भार उचलतो तो प्रायोजक. हा प्रायोजक बहुतांशी सायकल किंवा तिचे भाग बनवणारी कंपनी असतो, आणि त्याला कारण आहे. क्रिकेटचा सामना पाहणारे लाखो लोक स्वतः बॅट विकत घेत नाहीत. बीएमएक्सच्या ट्रॅकभोवती उभे असणारे लोक मात्र प्रामुख्याने स्पर्धकच असतात, नाहीतर त्यांचे आईवडील. पाच वर्षांच्या मुलांपासून पन्नाशी ओलांडलेल्यांपर्यंत वयोगटांच्या शर्यती दिवसभर चालतात आणि त्याच ट्रॅकवर व्यावसायिकांच्याही होतात. म्हणजे प्रेक्षक हाच ग्राहक. आघाडीचा रायडर ज्या फ्रेमवर जिंकतो ती फ्रेम दहा वर्षांचे पोर संध्याकाळी बापाकडे मागते. बीएमएक्स रायडरच्या कारकिर्दीचे अर्थकारण मुळात या मागणीवर उभे आहे.

खेळाचा जन्मही असाच बाजाराच्या कुशीत झाला. श्विन कंपनीने 1963 मध्ये अमेरिकेत ‘स्टिंग-रे’ ही 20 इंची चाकांची सायकल आणली. दक्षिण कॅलिफोर्नियातली मुले मोटोक्रॉसच्या मोटरसायकलस्वारांची नक्कल करत ती मातीत पळवू लागली. लाँग बीच येथे स्कॉट ब्राइटहॉप्ट या तेरा वर्षांच्या मुलाने नोव्हेंबर 1970 मध्ये मोकळ्या जागेत मुलांच्या शर्यती भरवायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी ‘ऑन एनी संडे’ हा मोटरसायकल शर्यतींवरचा माहितीपट आला. त्याच्या सुरुवातीलाच सायकलवर धुरळा उडवणारी मुले दिसतात. त्यामुळे हे वेड कॅलिफोर्नियाबाहेर पसरले. 1974 मध्ये यामाहाने पैसा ओतला आणि ब्राइटहॉप्टच्या आयोजनाखाली ‘यामाहा गोल्ड कप’ ही मालिका झाली. तिची अंतिम शर्यत लॉस एंजेलिसच्या मेमोरियल कोलोझियम या ऑलिंपिक स्टेडियममध्ये रंगली. यामाहा तेव्हा मुलांसाठी मोटरसायकलसारखी दिसणारी सायकल विकत होती. खेळ धड चार वर्षांचा झाला नव्हता आणि प्रायोजक हजर होता.

त्या काळातल्या कंपन्या मोठ्या कारखान्यांतून नव्हे, घरच्या गॅरेजमधून निघाल्या. ड्रॅग रेसिंगच्या गाड्यांच्या चौकटी जोडणाऱ्या गॅरी टर्नरने मुलासाठी क्रोम-मॉली नळ्यांची मजबूत फ्रेम बनवली. इतरांनी मागितली, आणि त्यातून जीटी ही कंपनी उभी राहिली. उड्या मारताना तारांची चाके वाकतात म्हणून स्किप हेसने ‘मोटोमॅग’ हे ओतीव चाक काढले आणि पुढे त्याच्या कंपनीची मॉन्गूस ही सायकल जगभर गेली. बॉब हॅरो हा चित्रे काढणारा पोरगा हँडलवर लावायच्या नंबर प्लेट रंगवून विकू लागला; आज त्याच्या आडनावाने सायकली विकल्या जातात. अशा कंपनीला जाहिरातीचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे परिसरातल्या सर्वांत वेगवान मुलाला फुकट सायकल आणि कंपनीच्या नावाची जर्सी देणे. प्रायोजकत्वाची सुरुवात इतकी साधी होती.

पुढे त्याला पायऱ्या पडल्या आणि त्या आजही जवळपास तशाच आहेत. सर्वांत खालची पायरी गावातल्या सायकल दुकानाची. दुकानदार जर्सी देतो, सुट्या भागांवर सवलत देतो, क्वचित प्रवेश शुल्क भरतो. बाकी सगळा खर्च पालकांचा. पालक शनिवार-रविवार गाडीत सायकली टाकून शेकडो किलोमीटर हिंडतात, आणि कोणत्याही प्रायोजकाआधी या खेळाचा पहिला प्रायोजक तेच असतात. त्यावरची पायरी ‘को-फॅक्टरी’ संघाची: कंपनीची फ्रेम फुकट किंवा उत्पादन खर्चात मिळते, काही शर्यतींचा प्रवास खर्चही मिळतो. सर्वांत वरची पायरी ‘फॅक्टरी’ संघाची. इथे सायकल, कपडे, हेल्मेट, प्रवास, मेकॅनिक आणि संघ व्यवस्थापक हे सारे कंपनीचे असते, आणि मोजक्या रायडरांना मासिक मानधनही मिळते.

करार बहुधा वर्षाचा असतो. अमेरिकेत हंगाम नोव्हेंबरमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात संपतो. तल्सा शहरातल्या ‘ग्रँड नॅशनल्स’मध्ये वर्षभराच्या गुणांचा शेवटचा निकाल लागतो. वर्षाचा विजेता पुढचे वर्षभर 1 क्रमांकाची प्लेट लावून फिरतो. ही प्लेट म्हणजे करारातली सर्वांत वजनदार वस्तू. ती आपल्या रायडरकडे आली की कंपनीच्या पुढच्या वर्षीच्या जाहिराती तयार झाल्याच. म्हणून संघ बदलायचे ते डिसेंबर-जानेवारीत, आणि वाटाघाटींचा जोरही तेव्हाच.

मानधनापेक्षा करारातल्या इतर कलमांतून ही दुनिया जास्त कळते. जिंकल्यास बोनस असतो; राष्ट्रीय किंवा जागतिक विजेतेपदाचा वेगळा. पूर्वी मासिकांचे राज्य होते तेव्हा छायाचित्रासाठीही पैसे मिळत: कंपनीचे नाव स्पष्ट दिसेल असा फोटो छापून आला की ठरलेली रक्कम, मुखपृष्ठावर आला की जास्त. आता त्या जागी सोशल मीडियावर किती वेळा काय टाकायचे याची कलमे आली आहेत. फ्रेम एका कंपनीची, टायर दुसरीचे, हेल्मेट तिसरीचे, बूट चौथीचे. म्हणजे एका रायडरचे सहा-सात करार एकाच वेळी चालू असू शकतात, आणि एकाच्या बोधचिन्हाने दुसऱ्याची जागा व्यापू नये याची काळजी त्यालाच घ्यावी लागते. जर्सी, प्लेट, हेल्मेट, पँट यांवरची प्रत्येक बोटभर जागा विकलेली असते.

सर्वांत किफायतशीर कलम नावाचे. कंपनी एखाद्या रायडरच्या नावाने मॉडेल काढते आणि विक्रीवर त्याला रॉयल्टी देते. ब्राइटहॉप्टने 1977 मध्ये सुरू केलेल्या एसई रेसिंगने पेरी क्रेमर या रायडरच्या आद्याक्षरांवरून ‘पीके रिपर’ ही ॲल्युमिनियमची फ्रेम काढली. क्रेमरला शर्यती सोडून कित्येक दशके झाली, तरी ते मॉडेल आजही विकले जाते. शर्यती जिंकून एवढे दीर्घ आयुष्य फार थोड्यांना लाभले आहे.

या अर्थकारणाचा पहिला मोठा तारा स्टू थॉमसेन. धिप्पाड, आक्रमक, आणि रेडलाइन या कॅलिफोर्नियातल्या कंपनीशी नाव घट्ट जोडले गेलेला. ‘बीएमएक्स ॲक्शन’ मासिक वाचकांच्या मतांनी वर्षाचा सर्वांत आवडता रायडर निवडत असे, आणि त्या ‘नोरा कप’ला कंपन्या गुणतालिकेइतकाच मान देत. कारणही उघड होते: गुणतालिका वेग सांगते, वाचकांचे मत खप सांगते. थॉमसेन दोन्हींत वर होता. 1983 च्या सुरुवातीला तो रेडलाइन सोडून हफीकडे गेला तेव्हा खळबळ उडाली. हफी ही डिपार्टमेंट स्टोअरमध्ये स्वस्त सायकली विकणारी अवाढव्य कंपनी. खऱ्या रायडरांच्या लेखी तिच्या सायकलीला काही पत नव्हती. हफीने पत विकत घेतली ती थॉमसेनच्या रूपाने. रेडलाइनसारख्या छोट्या, खेळाशी बांधलेल्या कंपनीला त्या रकमेशी स्पर्धा करणे कठीणच होते. निष्ठा की उत्पन्न हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक आघाडीच्या रायडरपुढे येत राहिला, आणि त्याचे उत्तर बहुतेकांनी थॉमसेनसारखेच दिले. वीस-बावीस वर्षांच्या माणसाला पुढची पाच-सहा वर्षेच कमाईची दिसत असतील तर त्यात दोष काढण्यासारखे काही नाही.

व्यावसायिक होण्याचा निर्णयही वाटतो तितका सरळ नसतो. अमेरिकन पद्धतीत ‘ए प्रो’ आणि ‘डबल ए प्रो’ असे दोन वर्ग राहिले आहेत. कमाई वाढली की खालच्या वर्गातला रायडर वर सरकतो. पंधरा-सोळा वर्षांच्या गटात राजा असलेला मुलगा व्यावसायिक गटात गेला की त्याच्या शेजारच्या फाटकावर पंचविशीतला जगज्जेता उभा असतो. पहिली दोन वर्षे अंतिम फेरी गाठतानाच दमछाक होते. कंपनीच्या नजरेने पाहिले तर वयोगटात सतत जिंकणारा हौशी मुलगा कधी कधी व्यावसायिकांत सहावा येणाऱ्यापेक्षा जास्त उपयोगाचा, कारण ग्राहक त्याच्याच वयाचा असतो. त्यामुळे व्यावसायिक झाल्यावर करार वाढण्याऐवजी आटल्याची वेळ अनेकांवर येते. मिनेसोटातल्या सेंट क्लाउडची ॲलिस पोस्ट पंधराव्या वर्षी व्यावसायिक झाली आणि टिकली; पुढे ती जगज्जेती झाली. पण तिच्यासारख्या फार थोड्या.

1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजार बसला. मुलांची आवड बदलली, फ्रीस्टाइलच्या कसरतींकडे आणि मग माउंटन बाइककडे पैसा वळला. खप घटला की कंपनी सर्वांत आधी संघ मोडते. रायडरांनीही वाट बदलली. जॉन टोमॅक, ब्रायन लोप्स, माइक किंग यांच्यासारखे बीएमएक्समध्ये घडलेले लोक माउंटन बाइकच्या शर्यतींत नाव आणि दाम कमावू लागले. ब्रिटनचा जेमी स्टाफ बीएमएक्समध्ये जगज्जेता झाला होता. तो वेलोड्रोमवर गेला आणि 2008 मध्ये बीजिंगला सांघिक स्प्रिंटचे सुवर्णपदक घेऊन आला. त्याच संघातला ख्रिस हॉय याचीही सुरुवात बीएमएक्सचीच. ‘ई.टी.’ चित्रपटातल्या सायकली पाहून त्याला हे वेड लागले, आणि शाळकरी वयातच त्याला क्विक-फिट व स्लेझेंजर या कंपन्यांचे प्रायोजकत्व मिळाले होते. एक कंपनी मोटारींचे टायर-सायलेन्सर बदलणारी, दुसरी टेनिसचे चेंडू बनवणारी. सायकल उद्योगाबाहेरचा पैसा या खेळात येतो तो असा तुरळक.

कंपनी बुडाली तर रायडरही अडकतो. जीटी 1998 मध्ये श्विनच्या मालकांकडे गेली आणि 2001 मध्ये दोन्हींचे मिळून दिवाळे निघाले. नाव टिकले, मालक बदलत गेले. कोविडकाळात सायकलींचा खप फुगला आणि नंतर गोदामे भरून राहिली. 2024 च्या अखेरीस जीटीने नवी मॉडेल्स आणणे थांबवत असल्याचे जाहीर केले. चार दशके ज्या कंपनीच्या जर्सीत जाणे ही मुलांची महत्त्वाकांक्षा होती, तिच्याबाबतीत हे घडले.

मोठा बदल घडवला तो ऑलिंपिकने. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2003 मध्ये बीएमएक्स शर्यतीला मान्यता दिली आणि 2008 मध्ये बीजिंगला पहिली पदके दिली गेली. पुरुषांत लाटव्हियाचा मारिस श्ट्रोम्बर्ग्स, महिलांत फ्रान्सची आन-कारोलिन शोसों. श्ट्रोम्बर्ग्सने 2012 मध्ये लंडनलाही सुवर्ण राखले. आता सायकल कंपनीच्या जोडीला दुसरा दाता आला: सरकार. नेदरलँड्सने पापेंडाल येथे, अमेरिकेने चुला व्हिस्टा येथे ऑलिंपिकच्या ट्रॅकच्या प्रतिकृती बांधल्या. रायडरला प्रशिक्षक, डॉक्टर, व्यायामशाळा आणि भत्ता मिळू लागला. त्याबरोबर दोन धन्यांची चाकरीही आली. वर्षभर प्रायोजकाची जर्सी, जागतिक अजिंक्यपद आणि ऑलिंपिकमध्ये देशाची. ज्या दिवशी सर्वांत जास्त लोक पाहत असतात, नेमके त्याच दिवशी बहुतेक प्रायोजकांचे नाव दिसत नाही. खेळांच्या काळात खेळाडूचे नाव वा छायाचित्र जाहिरातीत वापरण्यावर ऑलिंपिक सनदेच्या चाळिसाव्या नियमाने कडक बंधने होती. 2019 मध्ये ती थोडी सैल झाली. म्हणून सुवर्णपदकाचे आर्थिक मोल पदकाच्या दिवशी नव्हे, पुढच्या करारात वसूल होते.

ते कसे होते याचे ठळक उदाहरण कोलंबियाची मारियाना पाहोन. मेडेयीन शहरात 1991 मध्ये जन्मलेली ही मुलगी लहान वयोगटातच जागतिक विजेतेपदे जमवू लागली. लंडनच्या उद्घाटनात देशाचा ध्वज तिच्या हाती होता आणि काही दिवसांतच तिने कोलंबियाच्या इतिहासातले दुसरे ऑलिंपिक सुवर्ण मिळवले. 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये तिने पुन्हा सुवर्ण जिंकले. कोलंबियाच्या एकाच खेळाडूने दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवण्याची ती पहिलीच वेळ. 2018 मध्ये गुडघ्याचा अस्थिबंध तुटूनही ती परतली आणि टोकियोत रौप्य घेतले. मेडेयीनमधल्या ट्रॅकला तिचे नाव आहे. रेड बुलसारखी सायकलशी संबंध नसलेली कंपनी तिच्या हेल्मेटवर दिसते. अमेरिकेत बीएमएक्सचा ऑलिंपिक विजेताही रस्त्यात ओळखला जाईलच असे नाही. कोलंबियात पाहोन घराघरांत ठाऊक आहे. प्रायोजकाला हवा असतो तो हा फरक.

सरकारी पैसा कायमचा असतो असेही नाही. रिओनंतर ब्रिटनच्या ‘यूके स्पोर्ट’ने बीएमएक्स शर्यतीत फक्त पुरुषांसाठी निधी ठेवला. बेथ श्रीव्हर तेव्हा कुमार गटातली जगज्जेती होती. ती शाळेत मदतनीस शिक्षिका म्हणून अर्धवेळ नोकरी करू लागली. टोकियोची पात्रता गाठण्यासाठी परदेशी शर्यती खेळणे भाग होते, म्हणून तिने लोकवर्गणीचे आवाहन केले. लक्ष्य होते 50,000 पौंड. पुढे ब्रिटिश सायकलिंगने तिला परत सामावून घेतले, आणि 2021 मध्ये टोकियोच्या अंतिम फेरीत तिने पाहोनला मागे टाकून सुवर्ण जिंकले. कंपनी, सरकार आणि सामान्य माणसे या तिन्ही दात्यांचा अनुभव एकाच कारकिर्दीत घेतलेली अशी दुसरी विजेती सापडणे अवघड.

या सगळ्या हिशेबात दुखापतीचा रकाना सर्वांत मोठा. आठ जण एकमेकांना खेटून उडतात. एक पडला तर मागचे त्याच्यावर येतात. बीजिंगच्या अंतिम फेरीत ब्रिटनची शनेझ रीड शेवटच्या वळणावर दुसऱ्या स्थानी होती. रौप्य हातात होते, पण तिने शोसोंला मागे टाकण्याचा प्रयत्न केला आणि ती पडली, पदक गेले. तरी तिचे थोडक्यात निभावले. ऑस्ट्रेलियाचा सॅम विलोबी हा लंडनचा रौप्यविजेता. सप्टेंबर 2016 मध्ये चुला व्हिस्टाच्या सरावात पडून त्याच्या मानेचे मणके मोडले आणि छातीखालचे शरीर लुळे पडले. ॲलिस पोस्ट ही त्याची वाग्दत्त वधू. दोघांचे लग्न झाले, तो तिचा प्रशिक्षक झाला आणि त्यानंतर ती पुन्हा जगज्जेती ठरली. रिओचा रौप्यविजेता येले व्हान गोर्कम 2018 मध्ये पापेंडालच्या सरावात गंभीर जखमी होऊन कोमात गेला. कॉनर फील्ड्सने 2016 मध्ये अमेरिकेला बीएमएक्सचे पहिले सुवर्ण मिळवून दिले होते. टोकियोच्या उपांत्य फेरीत तो पडला, मेंदूत रक्तस्राव झाला आणि त्यानंतर तो व्यावसायिक शर्यतीत परतला नाही. ऑस्ट्रेलियाच्या काई साकाकिबाराची कारकीर्द 2020 मध्ये बाथर्स्टच्या विश्वचषक शर्यतीत मेंदूला झालेल्या इजेने संपली. त्याची बहीण साया पॅरिसला सुवर्ण जिंकली. वर्षभराच्या कराराला या जोखमीचे ओझे पेलत नाही. पडलेल्या रायडरच्या कुटुंबासाठी ट्रॅकवरच्याच लोकांनी वर्गणी गोळा करायची, ही या खेळातली जुनी रीत आहे.

तिशीच्या आसपास वेग ओसरतो. काही जण प्रशिक्षक होतात, मुलांसाठी शिबिरे घेतात. फील्ड्स पॅरिसच्या वेळी अमेरिकी दूरचित्रवाणीवर समालोचन करत होता. माइक किंग अमेरिकेच्या ऑलिंपिक बीएमएक्स कार्यक्रमाचा प्रमुख झाला. काही जण टेबलाच्या पलीकडे जाऊन बसतात. ग्रेग हिल हा 1980 च्या दशकातला जगज्जेता. त्याने ‘ग्रेग हिल प्रॉडक्ट्स’ नावाने स्वतःच सायकली काढल्या. 1990 च्या दशकात फ्रान्समधून अमेरिकेत जाऊन गाजलेल्या क्रिस्तोफ लेव्हेकने निवृत्तीनंतर चेस ही कंपनी काढली. कोणत्या वळणावर फ्रेम वाकते आणि कोणत्या महिन्यात रायडरचे पैसे संपतात, हे दोन्ही त्याने अनुभवलेले होते. रिओत सुवर्ण जिंकलेला फील्ड्स आणि पॅरिसमध्ये जिंकलेला दोदे, दोघेही चेसच्या सायकलीवर होते.